कुरमाघरातली गोकुळाबाई आणि बाहेरचा मनसाराम

चिखलबोडीच्या मनसारामला कुठलीही गोष्ट सांगितली की तो आधी "समजलं" म्हणायचा आणि मग समजून घ्यायला लागायचा. या दोहोंच्या मध्ये कधी एक बिडी जायची, कधी अख्खा आठवडा. मच्छी सोसायटीच्या सभेत ठराव वाचला की पहिला हात त्याचा वर. सभा संपून लोक जेवायला बसले की हा सेक्रेटरीच्या दारात उभा: "भाऊ, आपन कायले हात वर केला होता?" लोक हसायचे, पण त्याला बसायला पाट देऊन हसायचे. अंगानं दणकट, मनानं मऊ आणि डोक्यानं जरा सावकाश, असा हा ढीवर माणूस तलावात जाळं टाकायला उतरला की मात्र कुणाला ऐकत नसे. पाण्यात त्याला सगळं समजायचं. काठावर आला की पुन्हा गोंधळ सुरू.

ढिवरांच्यात कामाची वाटणी जुनी आणि पक्की. पाण्यातली मच्छी पुरुषाची, पाण्याबाहेर आलेली बाईची. मनसारामनं मरळ-रोहू काठावर आणून ओतले की त्याचं काम संपलं. मग त्याची बायको गोकुळाबाई टोपली डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात जाणार. भाव तिचा, भांडण तिचं, उरलेली मच्छी सुकवणं तिचं. बाजारात टोपलीमागे बसलेला ढीवर पुरुष चिखलबोडीत कुणी पाहिला नव्हता. वर शेतमजुरी, सैपाक, पाणी, धानाचे दिवस आले की मळणी, हेही तिचंच. मनसारामला याबद्दल विचारलं असतं तर तो "समजलं" म्हणाला असता.

गावाच्या कडेला एक कुरमाघर होतं. बाई महिन्याची बाहेर बसली की तिनं ते चार दिवस तिथं काढायचे. घरात शिवायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, आणि जाळ्यावर तर सावलीही पडू द्यायची नाही, नाहीतर हंगामभर मच्छी रुसते. मूळ चाल गोंडांची, पण एका गावात राहून राहून ढिवरटोल्यानंही ती उचलली आणि आपलं वेगळं कुरमाघर उभं केलं. उभं केलं म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवत. पावसाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत जास्त पाऊस. गोकुळाबाईनं उभी जवानी तिथं महिन्याच्या महिन्याला काढली होती. दोनेक वर्षांपूर्वी तिचं ते थांबलं. घरात सगळ्यांना आनंद झाला, की आता बाई महिनाभर हाताशी. तिला काय झालं, ते कुणी विचारलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी रीता नागपूरहून सुटीवर आली. ती तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करत होती. तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय मिळतं हे मनसारामनं तिला एकदा विचारलं होतं, तिनं तासभर सांगितलं होतं, आणि त्यानं सोसायटीत जाऊन सांगितलं होतं की पोरगी तलाठी होणार. या खेपेला तिनं एक जाडजूड निबंध आणला होता. चंद्रपूरच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं, तिथं तो वाचायचा होता. विषय असा: सहाशे वर्षांपूर्वीची इंग्लंडातली एक ख्रिस्ती साध्वी, तिचं देवाबद्दलचं आणि जगाच्या असण्याबद्दलचं म्हणणं, आणि त्याच्याकडे बायकांच्या बाजूनं कसं बघायचं. वाचायचा सराव हवा म्हणून रीतानं बापाला पडवीत बसवलं. गोकुळाबाई जरा पलीकडे राख लावून मच्छी साफ करत होती.

"ही बाई," रीता वाचू लागली, "आपण होऊन देवळाला लागून असलेल्या एका खोलीत राहायला गेली आणि मरेपर्यंत तिथून बाहेर आली नाही. खोलीला खिडकी होती. जेवण खिडकीतून आत यायचं. पुरुषाला आत जायला मनाई होती."

"समजलं," मनसाराम म्हणाला.

"थांबा ना बाबा, अजून सुरू झालं नाही. ती म्हणते, देव बाप आहे तसा आईसुद्धा आहे. आपण देवाच्या आत आहोत आणि देव आपल्या आत. शरीर वाईट आणि आत्मा चांगला असं नाही, दोघांची गाठ देवानंच मारली आहे."

मनसारामनं बिडी विझवली. "एक मिनिट. आपन देवाच्या आत?"

"हो."

"अन देव आपल्या आत?"

"हो."

"मंग बाहेर कोन हाये?"

रीतानं कागद खाली ठेवला. हा प्रश्न तिच्या मॅडमनं विचारला नव्हता. "बाहेर कोनी नाई बाबा. तेच तं ती म्हणून रायली." वाचताना ती नागपूरची असायची, चिडली की चिखलबोडीची.

"असं कसं? मच्छी पान्यात हाये, पानी मच्छीत हाये, इथपर्यंत ठीक हाये. पन मंग जाळं कुठी टाकाचं?"

"जाळं टाकाचंच नाई."

"मंग खाचं का?"

रीतानं पुढचं पान घेतलं. देवाला आई म्हटल्यानं काय झालं, यावर शिकलेल्या बायकांत दोन तट होते. एक तट म्हणे, हे मोठं धाडसाचं काम. पुरुषांच्या देवळात बसून तिनं देवाच्या अंगावर लुगडं चढवलं. दुसरा तट म्हणे, कसलं धाडस. आई म्हणजे पुन्हा पोसणं, पुसणं, सोसणं, तेच काम आता देवालाही लावलं.

"तू कोन्या तटात हायेस?" मनसारामनं विचारलं.

"मी पहिल्या. खोलीत जाऊन ती मोकळी झाली, असं माझं म्हणणं आहे."

गोकुळाबाईनं मान वर केली. "रीता, तिले सैपाक कराचा राहे का वं?"

"नाई. एक बाई होती कामाले. ती आणून देत होती."

"अन पानी?"

"ते बी."

"अस्सं," असं म्हणून गोकुळाबाईनं उरलेली मच्छी साफ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनसाराम लटारूभाऊकडे गेला. लटारूभाऊ गावातले जडीबुटीचे जाणकार आणि पंचांतले वडीलधारे. मनसारामनं दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "भाऊ, बाईचं चालू झालं अन थांबलंच नाई, तं काही मुळी हाये का?"

"कोनाले झालं?" लटारूभाऊ गंभीर झाले.

"इंग्लंडात एक बाई हाये. म्हणजे होती. कुरमाघरात गेली ते मरेपर्यंत बाहेरच नाई आली. लय हाल झाले बिचारीचे."

"सायबाच्या मुलुखात कुरमा हाये?"

"रीताच्या कागदात लिवलं हाये ना. देवळाले लागून. माणसाले मनाई. जेवन बाहेरून. दुसरं का असन मंग?"

लटारूभाऊंना हे पटलं. दुपारपर्यंत गावभर झालं, की साहेब लोकांच्यातही कुरमा असतो, आणि त्यांच्या एका बाईला तो जन्मभर बसला. बायका चुकचुकल्या. शेजारची गुणाबाई तर रीताला येऊन सांगून गेली, "पोरी, त्या बाईवर लिवतेस तं तिचं नाव झाकून लिव हो." रीतानं कपाळाला हात लावला. बापाशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग समजावायला बसली, की तो कुरमा नव्हता, तिला कुणी टाकलं नव्हतं, ती आपल्या मनानं गेली होती. मनसाराम म्हणाला, "समजलं. पन आपल्या मनानं कोन जाते वं कुरमात?"

याचं उत्तर त्याला दुसऱ्या सकाळी मिळालं. चुलीवर चहा नव्हता. पाणी भरलेलं नव्हतं. गोकुळाबाईची गोधडी आणि पितळी जागेवर नव्हती. गुणाबाई धावत आली, "मनसारामभाऊ, तुमची बाई कुरमाघरात जाऊन बसली."

"तिचं तं थांबलं."

"मी बी तेच म्हणून रायली."

कुरमाघराच्या अंगणाबाहेर, जिथपर्यंत पुरुषाला चालतं तिथपर्यंत, मनसाराम जाऊन उभा राहिला. "रीताची माय," त्यानं हाक मारली, "तब्येत बरी नाई का?"

"बरी हाये," आतून आवाज आला.

"मंग का झालं?"

"काही नाई झालं. बसली हावो."

तो घरी आला, चहा करायला गेला आणि साखर कुठं असते ते शोधत राहिला.

पंच बसले. पण नियम असा होता, की पाळी आलेली बाई आत न गेली तर दंड. पाळी न आलेली बाई आत गेली तर काय, हे कुणी कधी ठरवलेलंच नव्हतं. ओढून आणावी, तर पुरुषानं आत पाय टाकायचा नाही. बायकांनी आणावी, तर बायका म्हणाल्या, आत गेलो की आम्हालाही आंघोळी करून बसावं लागेल, धान कोण झोडपेल? लटारूभाऊंनी बराच विचार करून सांगितलं, "थांबून पाहू." मनसारामनं हात वर केला.

खरी पंचाईत रीताची झाली. दहावीच्या परीक्षेच्या वेळी तिला याच कुरमाघरात बसवलं होतं, आणि आईच्या हातापाया पडून ती पेपरला गेली होती. मोठी झाले की हे खोपट पाडीन, अशी तिची शपथ होती. आता निबंधात तिनं लिहिलं होतं की खोलीत जाऊन ती साध्वी मोकळी झाली, आणि इकडे आई खोलीत जाऊन बसलेली. आईला बाहेर ये म्हणावं तर निबंध खोटा. तिथंच राहा म्हणावं तर दहावीची रीता खोटी. ती भाकर घेऊन कुरमाघराशी जायची, आईशी भांडायची आणि परत येऊन एक पान खोडायची.

"आई, ती बाई वेगळी. तिथी साप नव्हते."

"तुले का माहीत?"

"अन ती देवासाठी गेली होती. तू कायसाठी गेली?"

"ते पाहून रायली ना."

दरम्यान वेगळंच सुरू झालं. कुरमाघराच्या कुडाला एका जागी भोक पडलं होतं. जेवण त्यातून द्यायचे. भाकर द्यायला म्हणून गुणाबाई गेली ती तासभर तिथंच बसून आली. मग आणखी कुणी गेली. घरात ज्या गोष्टी बोलायला जागा नव्हती त्या बायका कुडाला तोंड लावून बोलू लागल्या. गोकुळाबाई काही सल्ला देत नसे. "हं" म्हणायची. पण परत येणाऱ्या बाईची चाल हलकी दिसायची. हे पाहून रीता जागच्या जागी थांबली. तिच्या साध्वीच्या खिडकीशीही लोक असेच येत. हे निबंधात होतं, पण ते असं असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता ती आणखीच गोंधळली.

आठवडी बाजार आला. मच्छी पकडलेली, बाई आत. रीताला चंद्रपूरच्या तयारीसाठी लायब्ररीत जायचं होतं. टोपलीतली मच्छी काही थांबायला तयार नव्हती. शेवटी मनसारामनं टोपली सायकलला बांधली आणि तो बाजारात मच्छीवाल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसला.

"अगो बाई, नवीन आली का वं कोनी?" पलीकडची म्हणाली, आणि रांग हसली.

गिऱ्हाईक आलं, "कसे दिले?" विचारू लागलं. मनसारामला भाव माहीत नव्हता. तो म्हणाला, "तुमी नेहमी कसे घेता?" गिऱ्हाइकानं सांगितलेला पडेल भाव ऐकून शेजारणीनं कपाळ बडवलं. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. अशी टोपली गोकुळाबाईनं जन्मात रिकामी केली नसती. घरी येताना त्याच्या मनात पहिल्यांदाच एक गोष्ट सरळ उभी राहिली: ही बाई परत आली नाही तर? तो तिच्या हातच्या खाण्याचा विचार करत नव्हता. घरात शिरल्यावर ज्याला "का झालं गा?" असं विचारणारं कुणी नाही, तो माणूस घरात शिरला की नाही, हे ठरवायचं कुणी?

सायकल तशीच टाकून तो कुरमाघराकडे गेला. हद्दीशी थांबला नाही. कुडाच्या भोकाशी जाऊन उकिडवा बसला, जसा बायका बसायच्या.

"कोन?" आतून आवाज आला.

"मी."

"इथी माणसानं येऊ नये," गोकुळाबाई म्हणाली.

"माहीत हाये. माह्यावर राग हाये का?"

"नाई."

"मंग देवाचं काही हाये का? त्या बाईसारखं? मी विचारून रायलो फक्त."

"मले का माहीत. देव अजून काही आला नाई इथी. तुमीच आले."

मनसारामनं बिडी काढली आणि परत ठेवली. "मंग बरं वाटते का?"

"पहिल्या दिवशी लय बरं वाटलं. कोनी हाक मारे नाई. मंग दुसऱ्या दिवसापासून कोनी हाक मारत नसून मलेच ऐकू येऊन रायली. पानी आन, मच्छी काप. आत मीच हावो अन बाहेर बी मीच हावो, असं वाटून रायलं. म्हणून अजून बसली. हाका बंद होतात का ते पाहाचं हाये."

"समजलं," असं मनसारामच्या तोंडाशी आलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं ते गिळलं. "मले नाई समजलं," तो म्हणाला.

"मले बी नाई," आतून आवाज आला. त्यात किंचित हसू होतं.

ती येते म्हणाली नाही. त्यानंही ये म्हटलं नाही. तो उठला तेव्हा त्याचे गुडघे वाजले, आणि ती आतून म्हणाली, "तेल लावत जा."

त्यानंतर गुणाबाईची सून कमळा बाहेर बसली. नवीन लग्न झालेली, अंगात ताप, थंडी मोठी. पण चाल ती चाल. गुणाबाईनं तिला गोधडी दिली आणि कुरमाघराच्या वाटेला लावली. कमळा रडत आत आली आणि भिंतीला पाठ लावून थरथरत बसली. गोकुळाबाईनं तिच्या अंगावर आपली गोधडी घातली. गवतातून वारा येत होता. खोली तीच, कूड तोच. पण गोकुळाबाई म्हणे आपल्या खुशीनं बसलेली, आणि ही पोरगी ढकललेली. गोकुळाबाईला आपली खुशी एकाएकी पचेना. थोड्या वेळानं भर दुपारी तिनं कमळाला धरून उठवलं आणि तिला घेऊन गावातून सरळ आपल्या घराकडे चालू लागली.

मागून गुणाबाई, तिच्या मागून लटारूभाऊ, आणि ज्याला काम नव्हतं तो प्रत्येक जण. मनसाराम जाळ्यांच्या खोलीत बसून जाळं विणत होता. घरात तीच एक खोली मातीच्या भिंतींची आणि उबेची. तो दारात आला.

"आता घरी येते," गोकुळाबाई म्हणाली, "पन हिच्यासंगच येते. नाईतं दोघी बी तिथीच राहू. बोला."

"मनसाराम, जाळी आत हायेत," लटारूभाऊ म्हणाले. "हंगाम बुडन तुहा."

मनसारामचा त्या गोष्टीवर विश्वास होता. त्याच्या बापाचाही होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, जाळ्यांकडे पाहिलं. "थांब," तो म्हणाला.

गोकुळाबाईचा चेहरा उतरला. मनसाराम आत वळला आणि बाहेर न्यायला म्हणून एक जाळं त्यानं खांद्यावर घेतलं. जाळी बाहेर, बाया आत, म्हणजे कुणाचंच काही बिघडत नाही, असा त्याचा हिशोब. पण जाळी पुष्कळ होती आणि कमळाचे पाय लटपटत होते. दुसऱ्या जाळ्याला हात घालतोय तोवर पोरगी उंबऱ्याच्या आत येऊन भिंत धरून खाली सरकायला लागली. जमीन बर्फासारखी थंड. मनसारामनं हातातलं जाळं तिथंच टाकलं, त्यावर खांद्यावरचं टाकलं, आणि म्हणाला, "बस बाई, इथी बस. खाली नको बसू."

कमळा जाळ्यांच्या ढिगावर आडवी झाली. आपण काय केलं हे मनसारामला ती झोपल्यावर कळलं. तोपर्यंत गोकुळाबाई चुलीशी गेली होती आणि साखरेचा डबा कुणी कुठं नेला ते विचारत होती.

रीतानं चंद्रपूरला निबंध वाचला, शेवटचं पान सोडून. अध्यक्षांनी विचारलं, मग तुमचा निष्कर्ष काय, खोली ही कैद की सुटका? रीता म्हणाली, "आईला विचारून सांगते." सभागृह हसलं. तिला त्यात विनोद दिसला नव्हता.

कमळाचा ताप उतरला. मनसारामनं ती जाळी धुतली नाहीत, धुवावीत की नाही हे ठरेना म्हणून. त्यानं ती तशीच तलावात टाकली. सगळा टोला काठावर. जाळं वर आलं तर मच्छी होती, नेहमीसारखी. लटारूभाऊ म्हणाले, कमी हाये. रीता म्हणाली, जास्त हाये. मनसारामनं पुन्हा पुन्हा पाहिलं, त्याला तेवढीच वाटली, आणि तेवढीच असली तर त्याचा अर्थ काय, हे दोघांपैकी कुणी सांगेना.

बाजाराच्या दिवशी गोकुळाबाई टोपली घेऊन निघाली. मनसारामही मागोमाग निघाला. कशाला, ते त्याला माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही. तो टोपलीच्या मागे तिच्या बाजूला बसला. चिखलबोडीची बातमी बाजारात आधीच पोचली होती. एक ओळखीचं गिऱ्हाईक मरळ हातात घेऊन घोटाळलं, "बाई, हे त्याच जाळ्यातले का?"

"त्याच," गोकुळाबाई म्हणाली. "कमळा निजली होती त्याच. घ्याचे असन तं घे."

तो माणूस मनसारामकडे बघू लागला. पुरुषांनी पुरुषाकडे बघायची एक पद्धत असते, तशी. मनसारामला काहीतरी बोलणं भाग होतं.

"मले इचारू नका भाऊ," तो म्हणाला. "भाव तिचा हाये."

गिऱ्हाइकानं मरळ खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि भाव करायला लागलं.